गिरणीचं आवार विकायला काढलंय, तिथं काय व्हावं असं वाटतं? (सांगली)

गावभागकर | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, परवा पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात एक जाहिरात होती, कुणी बघितली का माहीत नाही. आपली नदीकडची जुनी कापड गिरणी, जमीन, शेड, बॉयलर हाऊस, चिमणी सगळं 'जसं आहे जिथं आहे' विकायला काढलंय. गिरणीचं नाव मुद्दाम टाकत नाही, प्रकरण कोर्टात आहे आणि मागच्या वेळी नाव टाकलं तर अ‍ॅडमिननी धागाच उडवला. सांगलीकरांना कळायचं ते कळलं.

आज सकाळी जाऊन आलो. वॉचमन ओळखीचा निघाला, चहा पाजला आणि आत सोडलं. गेटच्या दगडी खांबावर ऑइलपेंटनं आडवी रेघ मारून २००५ लिहिलंय, त्याच्या वर अजून एक रेघ, २०१९. मधे कुणीतरी कोळशानं २०२१ लिहिलंय पण रेघ मारायची राहिली. चिमणीच्या पोटातनं पिंपळ बाहेर आलाय, चांगला मनगटाएवढा. साचेखात्याची (साचा म्हणजे कापड विणायचा माग) शेड मात्र राव अजून उभी आहे, ते करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, खाली बिडाच्या खांबांच्या रांगा, काचा निम्म्या गेल्यात, आत कबुतरं आणि एक कुत्री तिची पिल्लं घेऊन. यंत्रं कधीच भंगारात गेली. जमिनीत फक्त साच्यांचे बोल्ट राहिलेत, चालताना ठेच लागते.

लहानपणी आमच्या गल्लीत घड्याळ कुणी बघायचं नाही, भोंगा झाला की आई दूध तापवायला ठेवायची. तर प्रश्न असा की आता तिथं काय व्हावं? मला विचाराल तर शेड आणि चिमणी राहावी, बाकीचं बघून घेऊ. तुम्ही बोला.

भडंगप्रेमी | रविवार, रात्री १०.५२

मॉल. एसी पाहिजे, फूडकोर्ट पाहिजे आणि पार्किंग पाहिजे. हरभट रोडला गाडी लावायला जागा नाही आणि तुम्ही पिंपळ मोजत बसलाय.

माधवनगर०७ | रविवार, रात्री ११.०५

मॉलला कोण जाणार वो, लोक कोल्हापूर-पुण्याला जाऊन खरेदी करून येतात. बाग करा. आमराई सोडली तर म्हाताऱ्या माणसानं सकाळी चालायचं कुठं?

परळची_सांगलीत | सोमवार, सकाळी ९.१५

माझं माहेर परळ, लग्न होऊन इथं आले त्याला २६ वर्षं झाली. हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, खरंच सांगते. आमच्याकडं मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. बाबा म्हणायचे दोन महिन्यांत मिटेल. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, गिरण्याच मिटल्या.

मग १९९१ ला नियम आला की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. कागदावर किती छान. पण २००१ ला त्यात बदल करून वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच करायची असं ठरवलं, म्हणजे शेड ज्यावर उभ्या आहेत ती जमीन वाटणीतनं बाहेर. आता गिरणी म्हणजे सगळी शेडच असते, मोकळं असतं ते किती? भांडण सुप्रीम कोर्टात गेलं, २००६ ला कोर्टानं तो बदल कायम ठेवला. मुंबईच्या फिनिक्स मिलची चिमणी अजून आहे बरं का. खाली मॉल. भडंगप्रेमी, तुमचं स्वप्न तिथं जाऊन बघून या, चिमणीसमोर फोटोपण काढतात लोक. तिथं काम करणाऱ्याची नातवंडं त्याच मॉलमध्ये सिक्युरिटीला आहेत असं आमच्या चाळीतली माणसं म्हणतात.

मला एवढंच म्हणायचंय की काय राखायचं हे आधी कागदावर आलं पाहिजे. विकल्यानंतर चर्चा करून उपयोग नसतो.

मुरूमवाला | सोमवार, सकाळी ११.३०

मी बांधकामाच्या धंद्यात आहे म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चिमणी राखा, शेड राखा, बाग करा, सगळं मान्य. पैसे कोण देणार? महापालिकेकडं रस्त्यातले खड्डे बुजवायला पैसे नाहीत. घेणारा माणूस लिलावात बोली लावतो ती किती चौरस फूट बांधता येईल यावर लावतो. तुम्ही म्हणाल शेडला हात लावायचा नाही, तर तो तेवढी बोली कमी करणार, सोपं गणित आहे. आणि ती शेड पडकी आहे. उद्या पोरं आत क्रिकेट खेळताना दाता कोसळला तर हेच लोक मोर्चा काढणार.

मी जर घेतली तर मागच्या बाजूला तीन फूट मुरूम टाकून लेव्हल करीन, पुढं दुकानं, वर फ्लॅट. नीट, स्वच्छ, कायदेशीर.

गावभागकर | सोमवार, दुपारी १.१०

मुरूमवाला साहेब, राग नाही पण तीन फूट भराव वाचून पोटात गोळा आला. २०१९ ला आमच्या घरात आठ दिवस पाणी होतं, फ्रीज पंख्याला जाऊन टेकला होता. मागची जागा साधारण चार एकर धरा. एकराचे ४३,५६० चौरस फूट, गुणिले तीन म्हणजे १,३०,६८० घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर. एकराला झाले ३७ लाख लिटर, चार एकराला जवळजवळ दीड कोटी. आज तिथं पसरणारं दीड कोटी लिटर पाणी उद्या आमच्या गल्लीत येणार, बरोबर की चूक?

मुरूमवाला | सोमवार, दुपारी १.४५

चूक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. कृष्णेला नुसतं एक लाख क्युसेक पाणी आलं तरी ते सेकंदाला २८ लाख लिटर. तुमचं दीड कोटी म्हणजे नदीचं पाच-सव्वापाच सेकंदांचं पाणी. तुमच्या फ्रीजला त्यानं काय फरक पडतो? २०१९ ला आयर्विन पुलाखाली ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, धोक्याची पातळी आहे ४५. तेव्हा माझा मुरूम असता काय नसता काय.

भडंगप्रेमी | सोमवार, दुपारी १.५०

गावभागकर आऊट 😄

चुनाखडी | सोमवार, रात्री ९.२०

मी आर्किटेक्ट, जुन्या वाड्यांची कामं करते. मुरूमवाला दादांचं गणित बरोबर आहे पण प्रश्न चुकीचा पकडलाय. मोठा पूर आला तर भरावानं फरक पडत नाही, कबूल. पण गावभागात दर दोन-तीन पावसाळ्यांत जे गुडघाभर पाणी येतं ते नदीचं चढलेलं नसतं, ते गटाराचं आणि नाल्याचं असतं. नदी चाळीस फुटांकडं गेली की नाल्याची तोंडं पाण्याखाली जातात, शहरातलं पावसाचं पाणी बाहेर पडत नाही, मागं मागं येतं आणि सखल जागेत साठतं. ती सखल जागा म्हणजेच गिरणीची मागची बाजू. तिथं भराव टाकलात तर ते पाणी कुठल्या सेकंदात कुठं जाणार याचं गणित मांडा, तिथं दीड कोटी लिटर म्हणजे खरंच दीड कोटी लिटर.

शिवाय पूररेषा बघा. निळी रेषा ढोबळमानानं २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामच नाही. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची, निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं पण अटी घालून, जोतं वर घ्यावं लागतं. माझ्या अंदाजानं मागचं रंगखातं निळीच्या आत आहे आणि पुढची साचेखात्याची शेड दोन्हींच्या मधे. म्हणजे चार एकरावर फ्लॅट हे स्वप्न बोली लावणाऱ्यानं आधी नकाशावर तपासावं.

आता शेडबद्दल, कारण पडकी पडकी म्हणून सगळे मोकळे होतात. त्या दात्यांच्या काचा उत्तरेला तोंड करून असतात. आपल्याकडं मे ते जुलै सोडला तर सूर्य दक्षिणेकडनं असतो, त्यामुळं उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा आणि सावली न पाडणारा मिळतो. साच्यावर तुटलेला धागा दिसायला तोच पाहिजे. सूत कोरडं पडलं की तुटतं म्हणून आत दमटपणा ठेवायचे, त्यासाठी भिंती जाड आणि खाली खिडक्या जवळजवळ नाहीतच. आज ट्यूब न लावता हजार माणसं दिवसभर काम करतील असा हॉल बांधायचा खर्च काढा आणि मग पडकी म्हणा. भिंती चुन्यातल्या आहेत, पूर ओसरला की चुना ओल सोडून देतो. कुणीतरी मधल्या काळात गेटजवळच्या ऑफिसला सिमेंटचा गिलावा केलाय, तिथंच बघा फुगून पोपडे आलेत.

पण दुसरी बाजूपण सांगते. काही दात्यांवर नंतर सिमेंटचे पत्रे टाकलेत, ते जुने म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस. हातोडी मारून फोडले की धूळ फुफ्फुसात जाते, ते ओले करून अख्खेच्या अख्खे उतरवावे लागतात. आणि रंगखात्यामागची माती तपासल्याशिवाय तिथं बागही करू नका, माधवनगरकर. किती वर्षं रंग आणि केमिकलचं पाणी तिथं मुरलंय कोण जाणे. जागोजागी बोअर मारून नमुने घ्यायचे, शेजारच्या विहिरींचं पाणी तपासायचं. पोरं मातीत खेळणार ना?

एसेनवाला | मंगळवार, रात्री १.३०

विश्रामबागचा आहे, आता सात वर्षं जर्मनीत, एसेनला. माझ्या घरापासून ट्रामच्या अंतरावर झोलफेराइन नावाची कोळशाची खाण आहे, १९८६ ला बंद झाली, २००१ ला जागतिक वारशात गेली. जिथं कोळसा धुवायचे त्या इमारतीत आता म्युझियम आहे. पण मला जास्त आवडतं ते शेजारच्या ड्युइसबुर्गचं. तिथं लोखंडाचा कारखाना १९८५ ला बंद पडला, त्यांनी भट्ट्या पाडल्याच नाहीत, आख्ख्या कारखान्याचा पार्क केला. गॅसच्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग शिकवतात, भट्टीवर चढून गाव बघता येतं, आणि सगळ्यात घाण माती होती ती उचलून लांब कुठल्या गावाच्या डोक्यावर न टाकता तिथल्याच जुन्या बंकरात बंद करून ठेवली. बाकीच्या मातीत झाडं आपोआप आली. आपल्या पिंपळासारखी 🙂

माधवनगर०७ | मंगळवार, सकाळी ८.००

भावा तुमच्याकडं सरकार पैसे देतंय. इथं शेरीनाल्याचं (शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणारा नाला) गाणं मी नोकरीला लागल्यापासनं ऐकतोय, आता रिटायर झालो.

कोल्हापुरी_पांढरा | मंगळवार, सकाळी १०.१०

जर्मनी कशाला, कोल्हापूरला या. राजर्षींनी १९०६ मध्ये पाया घातलेली शाहू मिल बंद पडून वर्षं झाली. स्मारकाची घोषणा झाली, त्यावर किती सरकारं आली गेली. पण २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला कृतज्ञता पर्व केलं तेव्हा मिलचं आवार उघडलं, प्रदर्शनं, खाऊगल्ली, लोकं पोरंबाळं घेऊन लोटली होती. माझी आई पहिल्यांदा आत गेली, आयुष्य त्या भिंतीशेजारी काढून. काही बांधलं नव्हतं हो, झाडून काढलं, लाईट लावले आणि गेट उघडलं. मग परत कुलूप. सांगायचा मुद्दा, आराखडा होईल तेव्हा होईल, आधी गेट उघडा.

भडंगप्रेमी | मंगळवार, सकाळी १०.२५

पुण्यात स्टेशनजवळ राजाबहादूर मिलमध्ये हॉटेलं काढलीत, जाऊन आलोय, लई भारी वातावरण. तसं करा. जुनं पण राहील आणि धंदापण होईल. आणि सोलापूरला सिद्धेश्वरची चिमणी पाडलीच की २०२३ ला, काय झालं? जग बुडालं?

चुनाखडी | मंगळवार, सकाळी ११.००

ती साखर कारखान्याच्या को-जनरेशनची (वीजनिर्मितीची) चिमणी होती, विमानतळासाठी पाडली, तिचा जुन्या वास्तूशी काही संबंध नाही. कुठलीपण चिमणी आणून इथं उभी करू नका.

हरिपूरकर | मंगळवार, दुपारी ४.३०

सगळे गिरणीवर बोलताय म्हणून आमचं गाऱ्हाणं घालतो. हळदीची पेवं. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढं, पोटात रुंद, आत हळद भरायची, वरनं बंद. कीड नाही, वर्षानुवर्षं रंग टिकायचा. सांगलीच्या हळदीचं नाव झालं त्यात पेवांचा वाटा मोठा. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि हळदीसकट गेली. परत कुणी काढली नाहीत, व्यापारी गोदामात आणि कोल्ड स्टोरेजला गेले. माझ्या आज्ज्याच्या पेवावर आता आमचीच मोटरसायकल लावतो, फरशीखाली पोकळ वाजतंय.

२०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा पेपरवाले आले, पेव दाखवा म्हणाले. काय दाखवू? पेवाला चिमणी नसते त्यामुळं त्याच्यावर कुणी धागा काढला नाही. गिरणीच्या शेडमध्ये काही करणारच असाल तर एक कोपरा हळदीला आणि बेदाण्याला द्या.

गावभागकर | मंगळवार, रात्री ८.४०

हरिपूरकर काका, गाऱ्हाणं रास्त आहे. पेव कसं काढायचे ते माहीत असलेली माणसं अजून आहेत का गावात? असली तर त्यांना आत्ताच बोलतं केलं पाहिजे, शेड मिळायची तेव्हा मिळेल.

साचेवाल्याची_लेक | मंगळवार, रात्री ११.५५

दोन दिवस वाचतेय. लिहू का नको करत होते.

माझे अण्णा त्याच साचेखात्यात होते. २२ वर्षं, त्यातली पहिली चार बदली कामगार म्हणून, म्हणजे रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी खाडा केला तर आत घेणार नाहीतर परत घरी. एक दिवस सकाळच्या पाळीला गेले तर गेटला नोटीस. भोंगा झाला नाही म्हणून आईनं दूध तापवलं नव्हतं, गावभागकर, तुमच्या आईसारखंच. त्यानंतर अण्णांनी पंचमुखी मारुती रोडला एका दुकानात मापाडी म्हणून काम केलं, आता ८१ वय आहे.

तुम्ही सगळे छान बोलताय. उत्तरेचा उजेड. तो उजेड दिसायचा का विचारलं अण्णांना, म्हणाले उजेड कोण बघतंय, चार साच्यांच्या आवाजात कान गेले ते बघ. त्यांची ग्रॅच्युइटी अजून मिळाली नाही. हिशोब मी दहावीत असताना केला होता, अजून पाठ आहे. शेवटचा पगार १,८००, भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२. बावीस हजार आठशे शेहेचाळीस रुपये. व्याज सोडून. एवढ्यासाठी अण्णा दर दोन वर्षांनी फायलीची पिशवी घेऊन कुठल्यातरी ऑफिसला जातात, तिथं सांगतात विक्री झाली की बघू.

मुरूमवाल्या दादांनी लिहिलंय शेड राखली तर बोली पडणार. मग मला सांगा मी कुणाच्या बाजूनं बोलू? शेड पडावी असं वाटत नाही. पण ती राखायची किंमत परत अण्णांनीच द्यायची का?

परळची_सांगलीत | बुधवार, सकाळी ७.१०

ताई 🙏 काही लिहिता येत नाही.

काळा_कोट | बुधवार, सकाळी १०.४५

वकील आहे पण या प्रकरणात नाही, त्यामुळं सर्वसाधारण सांगतो. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली (म्हणजे मोडीत काढून मालमत्ता विकायला काढली) की कामगारांची देणी आणि तारण घेतलेल्या बँकेची देणी कायद्यानं एका पंक्तीत बसतात, दोघांना आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात. म्हणजे पंक्तीत पान मांडलंय हे नक्की, पण वाढपी आधी बँकेकडं बघतो हा अनुभव. त्यात क्लेम रीतसर दाखल असला पाहिजे. ताई, अण्णांचा क्लेम लिक्विडेटरकडं दाखल आहे का नुसता लेबर ऑफिसला अर्ज आहे हे पिशवीत आधी बघा. वयस्कर लोकांचे अर्ज बऱ्याचदा चुकीच्या टेबलावर पडलेले असतात.

दुसरं, बाग-बाग म्हणणाऱ्यांसाठी. समजा महापालिकेनं आराखड्यात आरक्षण टाकलं आणि दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम १२७ खाली नोटीस देतो, त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. नुसतं आरक्षण म्हणजे बाग नव्हे. घ्यायचे पैसे नाहीतर टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडं जादा बांधायचा हक्क), काहीतरी समोर ठेवावं लागतं.

मुरूमवाला | बुधवार, दुपारी १२.२०

टीडीआरला सांगलीत गिऱ्हाईक पाहिजे ना. पुण्या-मुंबईत चालतं ते.

बाकी ताईंनी लिहिलेलं वाचलं. माझा बाप हमाल होता मार्केट यार्डात, त्यामुळं जास्त बोलत नाही. पण एक हिशोब करा. सहाशे कामगार धरा, डोक्याला २५ हजार, दीड कोटी. व्याज, बाकीची देणी धरून तिप्पट करा हवं तर, साडेचार कोटी. नुसत्या ग्रॅच्युइटीचे दीड कोटी म्हणजे आज विश्रामबागेत दोन-तीन बरे फ्लॅट. एवढ्या मोठ्या आवारात ती रक्कम म्हणजे काही नाही हो. मी घेणारा असतो तर म्हणालो असतो, कामगारांचं आधी वेगळं काढा, शेडच्या निमित्तानं त्याला हात लावायचा नाही, आणि मग शेडचं काय ते माझ्याशी भांडा. भांडायला मी खंबीर आहे.

गावभागकर | बुधवार, दुपारी १.००

हे मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात शेड आणि चिमणी होती, कामगार नव्हते, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. माझं म्हणणं बदलतो. आधी देणी. मग मागची सखल बाजू मोकळी, भराव नाही. मग शेड. चिमणी शेवटी, पिंपळासकट.

भडंगप्रेमी | बुधवार, दुपारी १.३०

फूडकोर्ट?

गावभागकर | बुधवार, दुपारी १.३२

भडंगाचा एक गाडा मंजूर.

चुनाखडी | बुधवार, रात्री १०.००

शेडचा उपयोग काय यावर एक सुचवते. २०१९ ला लोकांना कुठं ठेवलं आठवतंय ना, शाळा, कॉलेज, मंगल कार्यालयं. शाळा महिनाभर बंद. ही शेड जर पुरात कोरडी राहत असेल तर वर्षाचे अकरा महिने बाजार, नाटकाच्या तालमी, हळदीचा कोपरा काय हवं ते आणि ऑगस्टमध्ये निवारा. विष्णुदास भाव्यांच्या गावात तालमीला हॉल मिळत नाही ही तक्रार मी रोज ऐकते. पण सगळं 'जर'वर आहे. शेडची जमीन २०१९ च्या पाण्याच्या वर होती का खाली?

माधवनगर०७ | बुधवार, रात्री १०.१५

गेटच्या खांबावर रेघ आहे म्हणताय ना. तिथनं लेव्हल न्या की आत. गवंड्याची पारदर्शक नळी असते, पाणी भरून. मी पीडब्ल्यूडीत मिस्त्री होतो ३१ वर्षं. रविवारी सातला येतो.

साचेवाल्याची_लेक | बुधवार, रात्री १०.४०

मी पण येते. अण्णांची पिशवी काळा कोट सरांना दाखवायची आहे, चालेल का?

काळा_कोट | बुधवार, रात्री १०.४४

चालेल. ओरिजिनल कुणाला देऊ नका, मलासुद्धा. झेरॉक्स आणा.

गावभागकर | रविवार, दुपारी १२.१५

जाऊन आलो. आठजण होतो, वॉचमनला भडंग दिलं (भडंगप्रेमींनी स्वतः आणलं, नोंद घ्यावी). गेटच्या खांबावरच्या २०१९ च्या रेघेला नळीचं एक टोक धरलं, मी तिथं उभा, दुसरं टोक घेऊन मिस्त्रीकाका आत. नळी पुरेना म्हणून तीन टप्प्यांत नेलं, प्रत्येक टप्प्याला खडूची खूण. गेटवर ती रेघ माझ्या छातीला लागते. रंगखात्याच्या भिंतीवर ती माझ्या डोक्याच्या वर हातभर गेली. साचेखात्यात जमिनीपासून फक्त वीतभर वर आली. म्हणजे २०१९ लासुद्धा शेडमध्ये घोट्याच्या वरच पाणी आलं असणार, आणि २००५ ची रेघ तर जोत्याच्याच खाली जाते. बांधणाऱ्यांनी जोतं उगीच उंच घेतलं नव्हतं. एक वीत लाकडी तक्तपोस टाकून भागते असं चुनाखडीताई म्हणाल्या.

पिशवी बघितली. अर्ज दोन ठिकाणी आहे, क्लेम दाखल असल्याची पोच सापडत नाही. सोमवारी सर आणि ताई जाणार आहेत. अजून ज्यांच्या घरात अशी पिशवी असेल त्यांनी मला मेसेज करा.

साचेवाल्याची_लेक | रविवार, दुपारी २.०५

अण्णांनी सांगितलं होतं आत गेल्यावर उजव्या हाताचा सातवा खांब. मोजला. खांबाला पांढऱ्या रंगात आकडा आहे अजून, त्याखाली जमिनीत चार बोल्ट. फोटो काढून दाखवला तर म्हणाले हा नव्हे, तू डावीकडनं मोजलंस.

माधवनगर०७ | रविवार, रात्री ९.३०

गावभागकर, एक गडबड झालीय. घरी येऊन नळी गुंडाळताना दिसलं, मधे बोटभर बुडबुडा राहिला होता. हवा राहिली की पाणी बरोबर बसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची मापं धरू नका. वीतभर असेल किंवा दीड वीतपण असेल. पुढच्या रविवारी परत घेऊ, मोठी नळी मी आणतो, आणि पाणी भरायला बादली कुणीतरी आणा, वॉचमनची फुटकी आहे.